बरामानचे बोकड

उनातच्या घरी बिरामोर होणार ही बातमी सगळ्या रुंबूर दरीला कळली आणि अगदी शेवटी कळली ती उनातच्या बायकोला. तकदीरा मका दळायला पाणचक्कीवर गेली होती. तिथल्या बायका तिला वाट करून देत म्हणाल्या, "आधी तुझं दळण घे बाई. तुला आता तिन्ही दऱ्यांना जेवू घालायचंय." तकदीराने हसून मान डोलावली, जसं काही तिला सगळं आधीपासून ठाऊकच होतं. दळण झालं, पोतं पाठीवर घेतलं, आणि घर येईपर्यंत तिने तोंडातून शब्द काढला नाही. घरी आल्यावर मात्र ते पोतं तिने असं आपटलं, की ओसरीवर अक्रोड सोलत बसलेल्या मुशिकीच्या डोळ्यांत पीठ गेलं.

"तुझ्या बापाला विचार," तकदीरा म्हणाली, "पाहुणे किती बोलावलेत. मला दुसऱ्यांकडून कळतंय."

मुशिकी ही घरातली मधली लेक. वरच्या गावात दिलेली, पण अक्रोडाच्या दिवसांत आईच्या मदतीला हटकून येणारी. तिने डोळे पुसले आणि आतल्या अंधारात चुलीजवळ बसलेल्या बापाकडे पाहिलं. उनात तिपाईवर बसून काठी तासत होता, आणि काठी केव्हाच तासून झाली होती.

"बाबा, खरं आहे?"

"खरं आहे."

बिरामोर घालायचा म्हणजे कळपातले थोर बोकड एकाच दिवशी देवाला द्यायचे, रुंबूर, बुंबुरेत आणि बिरीर ह्या तिन्ही कलाश दऱ्यांतल्या माणसांना पोटभर घालायचं, आणि लग्न होऊन गेलेल्या लेकींना भांडी नि शेळ्या देऊन वाटेला लावायचं. उरतं काय, तर नाव. ते नाव गाण्यात जातं आणि गाणं दरीत राहतं. रुंबूरमध्ये शेवटचा बिरामोर झाला तेव्हा उनातला मिसरूड फुटलं नव्हतं. त्या दिवशी खाल्लेल्या अक्रोडाच्या भाकरीची चव तो अजून सांगायचा.

"मला विचारलं असतंत तर जीभ झिजली असती?" तकदीराने विचारलं.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"आताही नाहीच म्हणतेय."

"आता उशीर झाला," उनात शांतपणे म्हणाला. "बुदोकला सांगून टाकलंय. बुदोकला सांगितलं म्हणजे डोंगराला सांगितलं."

बुदोक हा दरीतला सगळ्यांत म्हातारा गाणारा. घराण्यांच्या पिढ्या त्याला तोंडपाठ. त्याच्या कानावर पडलेली गोष्ट मागे घेता येत नसे.

दुसऱ्या दिवशी दोन्ही मुलगे आले. थोरला करनैल खालून, नदीकाठच्या आपल्या हॉटेलातून. तो जन्मला त्या दिवशी दरीत लष्करातला एक कर्नल जीप घेऊन आला होता, म्हणून हे नाव. नावाला जागून तो हुकूमही बरे सोडायचा. धाकटा बरामान वरून, शेळ्यांच्या गोठ्यावरून. उन्हाळाभर कळप घेऊन वरच्या कुरणात राहिलेला, दाढी वाढलेली, बोलायची सवय मोडलेली. तो ओसरीच्या कडेला, सगळ्यांपासून जरा लांब बसला.

"मी बाबांच्या बाजूने आहे," करनैल बसता बसताच म्हणाला. "नाहीतरी आपलं काय राहिलंय? लोक येतात, आपल्या बायकांच्या डोक्यावरच्या कवड्यांचे फोटो काढतात आणि जातात. एकदा दाखवून देऊ की कलाश घर म्हणजे काय असतं."

मुशिकीने भावाकडे निरखून पाहिलं. करनैल आजवर बापाच्या कुठल्याच गोष्टीला इतक्या लवकर हो म्हणाला नव्हता.

"बरामान?" उनातने विचारलं. "गोठ्यावर मोठे बोकड किती निघतील?"

"बोकड मी देणार नाही," बरामान म्हणाला.

तकदीराची मान वर झाली. तिला वाटलं, आपल्या बाजूला कुणीतरी आलं.

"देणार नाही म्हणजे?" करनैल हसला. "घराचे बोकड आहेत ते."

"घराचे? मागच्या हिवाळ्यात बर्फात शेळ्यांसाठी ओकाची पानं तोडायला घरातलं कोण आलं होतं? बिबट्या आला तेव्हा रात्रभर शेकोटी कोणी पेटती ठेवली, घराने?"

"तू ठेवलीस. म्हणून काय तू राजा झालास?"

"मी काही झालो नाही," बरामान उठत म्हणाला. "तेवढंच म्हणतोय."

तो निघून गेला. त्याच्यामागे ओसरीवर शेळ्यांचा नि धुराचा वास राहिला. तकदीरा म्हणाली, "बरोबर बोलला पोरगा." मुशिकीलाही तसंच वाटलं. त्या दिवशी घरात दोन तट पडले. बाप आणि थोरला एकीकडे, आई आणि धाकटी दोघं दुसरीकडे. आठवडाभर एकाच चुलीवरचं जेवण दोन बाजूंना तोंडं करून खाल्लं गेलं.

हे तट मोडले ते करनैलच्या बायकोमुळे.

शाहीगुल आणि मुशिकी नदीवर केस धुवायला गेल्या होत्या. गार पाण्याने डोकं बधिर झालेलं, ऊन पाठीवर, आणि मुशिकी वहिनीच्या वेण्या घालत होती. शाहीगुलचं लक्ष कुठेच नव्हतं.

"मान सरळ धर की. काय झालंय तुला?"

"मुशिकी, तू कुणाला सांगणार नाहीस ना?"

"सांगणार नाही असं म्हणून सगळेच सांगतात. तू सांग."

शाहीगुलने दगडावरचं शेवाळ नखाने खरवडलं. "शहरातून माणसं येणारेत. कॅमेरेवाले. पीठ, तूप, तांदूळ, सगळं तेच आणणार. आपले फक्त बोकड. ह्यांनी कबूल केलंय त्यांना."

"आणि त्यांना काय हवंय?"

"नाच उन्हात व्हायला हवा. बायकांनी नवे झगे घालायचे. आणि बाबा बोलताना अडखळले तर पुन्हा एकदा बोलायचं." तिने नखातलं शेवाळ झटकलं. "मला लाज वाटते गं. पण ह्यांना वाटतं की आपण चांगलंच करतोय. बाबांच्या डोक्यावरचं ओझं कमी करतोय."

मुशिकीने शेवटची वेणी घट्ट बांधली आणि ती सरळ आईकडे गेली. तिला वाटलं होतं, आई म्हणेल, बघ, मी म्हणत होते. पण तकदीरा चुलीजवळून अशी उठली जशी काही तिला विंचू चावला.

"माझ्या दारात पंगत आणि घास परक्याचा?" ती म्हणाली. "मी नको म्हणत होते ते कष्टासाठी. ह्यासाठी नाही. घालायचा तर आपल्या हाताने घालू, नाहीतर चूल पालथी घालू."

करनैलला बोलावणं गेलं. तो आला तेव्हा उनात घराच्या मधल्या खांबाला टेकून उभा होता. ह्या खांबावर त्याच्या आज्याने कोरलेली बोकडाची शिंगं होती. त्याने आवाज चढवला नाही. त्याचा आवाज चढला असता तर मुशिकीला बरं वाटलं असतं.

"मला असं कळलंय," उनात म्हणाला, "की बिरामोर शहरातली माणसं घालणारेत. मग मीही पाहुणाच झालो. पाहुण्याने बसायचं कुठे ते सांगून ठेव."

"बाबा, तसं नाहीये."

"मग कसं आहे?"

"तुम्ही हिशोब तरी केलात का?" करनैल म्हणाला. "आपल्या दरीत पिकतं केवढं? तिन्ही दऱ्यांना भाकरी कुठून घालणार? मी वाट काढली. नाव तुमचंच होणार होतं. जगभर दिसलं असतं."

"जगाने माझ्या घरी भाकरी खाल्ली नाही, तर त्याला माझं नाव कशाला?"

"तुम्हाला माझं काहीच पटत नाही," करनैल म्हणाला. "मी हॉटेल बांधलं, तेव्हा तुम्ही एकदाच आलात. व्हरांड्यात उभे राहिलात आणि म्हणालात, इथे साबणाचा वास येतो. बस, तेवढंच."

उनातने काठी उचलली. "बिरामोर होणार नाही. बुदोकला मी सांगतो."

करनैल गेला. जाताना उंबऱ्याला ठेच लागली तरी थांबला नाही. आणि उनात बुदोकला सांगायला काही गेला नाही. तो दोन दिवस अंगणातल्या तुतीखाली बसून राहिला. रस्त्याने जाणारा माणूस "इश्पाता" असा नमस्कार घालून थांबे, म्हाताऱ्याचा चेहरा बघे आणि काही न विचारता पुढे जाई. सबंध दरीत आपलं हसं होणार हे उनातला कळत होतं. त्याहून वाईट म्हणजे कुणी तोंडावर हसणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मुशिकी गोठ्याच्या दिशेने निघाली. बायकांनी शेळ्यांच्या गोठ्याशी जायचं नसतं, म्हणून ती अलीकडच्या ओढ्यापाशी थांबली आणि भावाला हाका मारल्या. बरामान पलीकडच्या काठावर आला. मध्ये पाणी खळाळत होतं. गुपित बोलायचं तरी ओरडून बोलावं लागणार होतं.

"बाबांनी बेत मोडला," ती ओरडली.

"कळलं."

"दादा रागावून बसलाय."

"तेही कळलं."

"बरामान, तुला काय वाटतं?"

"कशाचं?"

"बोकडांचं. द्यावेत की नाही? मी तुला विचारतेय."

बरामान पाण्याच्या अगदी कडेला आला. मग म्हणाला, "पुन्हा विचार."

"पाण्यामुळे ऐकू नाही आलं?"

"आलं. तरी पुन्हा विचार. आजवर कुणी विचारलं नव्हतं."

मुशिकीने पुन्हा विचारलं, मोठ्याने, एकेक शब्द तोडून.

बरामान खडकावर बसला. "दादाला ते त्याच्या पाहुण्यांसाठी हवे होते. बाबांना नावासाठी. आईला नको होते ते दगदगीमुळे. बोकड कोणाचे, ते कसे आहेत, हे कुणाच्या डोक्यातच नाही. पण मी रोज बघतो गं त्यांना. तो काळा, शिंगं पाठीला टेकणारा, तो पुढच्या वर्षी म्हातारा होईल. कड्यावरून पडेल, नाहीतर बिबट्या नेईल. त्यापेक्षा रुबाबात असताना देवाकडे गेलेला बरा. मला द्यायचे नव्हते असं नाही. माझ्याकडून नेले जाणं नको होतं."

"मग?"

"मग मी देतो. बाबांना सांग, बरामान देतोय. आणि कोठीतलं सगळं चीज देतो. पिठाचं तुम्ही बघा."

"तूच येऊन सांग की."

"मी सांगितलं तर पुन्हा भांडण होईल. तुझी जीभ चांगली आहे. तू सांग."

तिने सांगितलं. उनातने ऐकून घेतलं. मग त्याने पागोटं डोक्यावर सारखं केलं आणि तकदीराला म्हणाला, "यंदाचे सगळे अक्रोड खाली आयूनच्या बाजारातल्या व्यापाऱ्याला देऊन टाकू. फुकटचं पीठ नको, अक्रोडाच्या बदली पीठ. आपल्या झाडाचं आहे, म्हणजे आपलंच."

"सगळे?" तकदीराने विचारलं, आणि मग स्वतःच म्हणाली, "सगळेच द्या. अर्धे ठेवून काय गाणं होतं?"

निरोप गेले. पलीकडच्या बुंबुरेतला गेले, बिरीरला गेले. जेश्तक देवीच्या मोठ्या घराचे खांब धुतले गेले. अंगणातल्या तुतीला टेकून बसलेला उनात आता पोरांसारखा इकडून तिकडे फिरत होता, आणि जो भेटेल त्याला तेच तेच काम सांगत होता. करनैल मात्र फिरकला नाही. शाहीगुल येई, कामाला हात लावी, आणि नवऱ्याचा विषय निघाला की लाकडं आणायला जाई.

आणि मग आदल्या दिवशी पहाटेपासून पाऊस लागला. त्या मोसमात न पडणारा, गार, आडवा पाऊस. दुपारी खिंडीतून आलेल्या एका माणसाने सांगितलं की आयूनकडून येणाऱ्या रस्त्यावर अर्धा डोंगर आलाय. पिठाची जीप पलीकडे. कॅमेरेवाले तर बेत मोडल्याचं कळताच परत फिरलेले. रस्ता मोकळा व्हायला आठवडा लागला तरी लवकर म्हणायचं.

पाहुणे मात्र थांबणार नव्हते. ते रस्त्याने येणारच नव्हते. बुंबुरेत आणि बिरीरची माणसं डोंगरावरच्या पायवाटेने यायला निघाली होती. वरच्या कड्यावर त्यांच्या शेकोट्यांचा धूर पावसातही दिसत होता.

शेजारीपाजारी दाराशी आले. जो तो म्हणे, आमच्याकडे थोडं आहे, घे. उनात प्रत्येकाचा हात धरून नाही म्हणाला. "तुम्ही उद्या जेवायला यायचंय. तुमचंच पीठ तुम्हाला वाढलं तर मी वाढपी झालो, यजमान नाही." बोलत होता ताठ मानेने, पण घरात आल्यावर तो खांबाला धरून खाली बसला. तकदीराने कणग्यात हात घातला. वर्षभराचा मका होता तो. तेवढ्याने गाव जेवलं असतं, तीन दऱ्या नाही.

मुशिकीने डोक्यावर घोंगडी घेतली आणि ती नदीकाठी उतरली.

हॉटेलात कुणी पाहुणं नव्हतं. खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या, आणि करनैल एकटा खिडकीशी बसून पाऊस बघत होता. कोठीचं दार उघडं होतं. आत हिवाळ्याच्या बेगमीची पिठाची पोती छताला भिडली होती. उन्हाळ्यातल्या सगळ्या कमाईची.

"त्यांनी पाठवलं तुला?" करनैलने विचारलं.

"नाही. ते राख खातील, पण मागणार नाहीत. तू त्यांचाच मुलगा, तुला माहीत आहे."

"त्यांचा मुलगा बरामान. मी साबणवाला."

"दादा, मी तुझी समजूत काढायला नाही आले. मला ती जमत नाही. माझे केस भिजलेत, पाय गारठलेत. मी एवढंच विचारायला आलेय, की उद्या तुझ्या घरी बिरामोर आहे. तू येणारेस की नाही?"

"माझ्या घरी?"

"मग कोणाच्या?"

तेवढ्यात कोठीतून काहीतरी घसटल्याचा आवाज आला. शाहीगुल पाठीला पोतं बांधून बाहेर आली. बाह्या वर केलेल्या, कवड्यांचा पट्टा डोक्यावरून उतरवून कमरेला खोवलेला. ती नवऱ्यासमोर क्षणभर थांबली.

"मी नेतेय," ती म्हणाली. "भांडायचं असेल तर उद्या संध्याकाळनंतर भांडा. आता पोती उचला. मला एकटीला रात्र पुरणार नाही."

करनैलने बायकोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. मग तो उठला, एक पोतं खांद्यावर घेतलं आणि दुसरं काखेत मारायचा प्रयत्न केला. ते पडलं. तिघंही हसली, आणि त्या हसण्यात मुशिकीला रडू आलं.

करनैल पावसातून चढून वडिलांच्या दाराशी उभा राहिला तेव्हा ओला चिंब होता.

"पीठ आहे," तो म्हणाला.

"कोणाचं?" उनातने विचारलं.

"तुमच्या मुलाचं."

उनात खांब सोडून उठला. मग म्हणाला, "मग दारात काय उभा आहेस? भिजेल ना ते. आत आण."

त्या रात्री घरातल्या बायकांनी कणीक तिंबली, भाकऱ्या थापल्या. पहाटे पाऊस ओसरला. वरची शिखरं पांढरी झाली होती, आणि दरी धुतल्यासारखी लख्ख.

माणसं उतरू लागली तेव्हा आधी त्यांचं गाणं ऐकू आलं. कड्यावरच्या देवदारांतून एक काळी रेघ वळत वळत खाली येत होती. काळे झगे, त्यांवर लाल-पिवळी नक्षी, पुढे ढोल. बुंबुरेतची माणसं एका वाटेने, बिरीरची दुसऱ्या. रुंबूरच्या बायका गच्च्यांवर चढल्या आणि त्यांनी वरच्या गाण्याला खालून उत्तर दिलं. तकदीरा गच्चीच्या टोकाला उभी होती. ती पुटपुटली, "देवा, एवढी माणसं आणली आहेस, आता भाकरी कमी पडू देऊ नकोस." मग मुशिकीकडे वळून म्हणाली, "बघत काय उभी राहिलीस? टोपल्या उचल."

पुरुष साजिगोर देवाच्या ओकांखाली गेले होते. तिथे बायका जात नाहीत, त्यामुळे मुशिकीला फक्त धूर दिसला. सरळ वर जाणारा, दाट, आणि मग सगळ्या दरीवर पसरलेला. मुशिकीचा नवरा वालीन परत आला तेव्हा त्याने सांगितलं की बरामानने एकेका बोकडाला कानाशी नाव घेऊन पुढे आणलं. काळा बोकड स्वतःच चालत गेला. बरामानच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात अडला नाही.

मग पंगती बसल्या. भाकरी, चीज, मांसाचा रस्सा, दगडी कुंडातली द्राक्षाची दारू. खाणाऱ्यांना पुरून उरत होतं. करनैल कधी रस्सा वाढत होता, कधी म्हाताऱ्यांना हात धरून बसवत होता. हॉटेलात पाहुण्यांपुढे वाकून वाकून लागलेली सवय आज कामाला आली होती, आणि आज वाकताना त्याला कमीपणा वाटत नव्हता.

जेवणं आटपल्यावर घराण्यातल्या लग्न झालेल्या लेकींना बोलावलं. कुणाला पितळी हंडा, कुणाला लोखंडी कढई, आणि प्रत्येकीच्या नवऱ्याच्या हातात एकेका शेळीची दोरी. दोऱ्या बरामान देत होता, आणि दोरी सोडायच्या आधी काहीतरी सांगत होता.

"ही गढूळ पाणी पीत नाही. उगाच बळजबरी करू नकोस," तो एका मेव्हण्याला म्हणाला. दुसऱ्याला म्हणाला, "हिला एकटीला बांधलंस तर रात्रभर ओरडेल, तुलाच झोप नाही मिळणार." वालीनच्या हातात दोरी देताना तो जरा थांबला. "ही हट्टी आहे. पण मुशिकीच्या घरी चालेल. सवय आहे तुला."

आजूबाजूचे हसले. वालीनही हसला आणि मुशिकीने मान फिरवली, पण तीही हसत होती.

ऊन कलायच्या आत सगळे नाचाच्या पटांगणात जमले. बुदोक काठीवर भार टाकून मधोमध उभा राहिला. दोघांनी जरीचा झगा आणला. बिरामोर घालणाऱ्याच्या अंगावर हा झगा चढवायचा, मग बुदोकने घराण्याच्या पिढ्या गायच्या, आणि शेवटी घालणाऱ्याचं नाव. उनात पुढे झाला. त्याने नवं पागोटं बांधलं होतं. म्हातारा असा ताठ चालत होता, की मुशिकीला तिच्या लहानपणीचा बाप दिसला.

बुदोकने गायला सुरुवात केली. पणजोबा, आजोबा, कोणी कुठली खिंड ओलांडली, कोणी कुठलं कुरण मिळवलं, कोणी पाहुण्याला उपाशी जाऊ दिलं नाही. लोक प्रत्येक नावाला हुंकार देत होते. गाणं उनातच्या बापापाशी आलं आणि थांबलं. झगा धरणाऱ्यांनी तो पसरला.

उनातने हात वर केला.

"थांबा," तो म्हणाला. "मी बिरामोर घालतो म्हणालो, ते खरं. आणि मोडला, तेही खरं. बोकड मी पाळले नाहीत. बर्फात पानं मी तोडली नाहीत. ज्याने दिले त्याचं नाव लागतं, हे आपल्या आज्यापणज्यांपासून आहे. बरामान, इकडे ये."

बरामान गर्दीच्या मागे शेळ्या बांधत होता. त्याने मान वर केली आणि जागचा हलला नाही. त्याला वाटलं, आपल्याला काहीतरी काम सांगतायत.

"जा ना," मुशिकीने त्याला ढकललं.

"कशाला?"

"जा, कळेल."

तो मध्ये आला. कपड्यांना राख, हाताला शेळीचे केस. उनातने स्वतःच्या हाताने तो जरीचा झगा मुलाच्या खांद्यांवर टाकला. झगा उनातच्या मापाने काढलेला, बरामानला आखूड झाला. बरामान बापाकडे बघत राहिला. उनातने त्याच्या दाढीवरून हात फिरवला आणि बाजूला सरकून गर्दीत, बाकीच्या म्हाताऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

आता बुदोकची पंचाईत झाली. त्याने गाणं 'उनात' ह्या नावावर बेतलं होतं. तीन अक्षरी नावाच्या जागी मोठं नाव बसेना. त्याने एकदा म्हणून पाहिलं, अडखळला, डोकं हलवलं. मग बायकांच्या रांगेतून एक आवाज उठला. चिरका, वयाने फाटलेला, पण सुरात. तकदीरा गात होती. तिने ओळ ओढून धरली, 'ब' लांबवला, 'रा' वर खेचला आणि 'मान' वर पाय आपटला. नाव बसलं. शाहीगुलने तिच्या खांद्याभोवती हात टाकला, मुशिकीने शाहीगुलच्या. रांग सुरू झाली आणि फिरू लागली, आणि तिन्ही दऱ्यांनी तेच नाव तशाच चालीने उचललं. ढोल त्याच्यामागून आले. बरामान आखूड झग्यात मधोमध उभा होता, आधी गोंधळलेला, मग त्याने हात पसरले आणि नाचू लागला, कुरणातल्या माणसाचा जड, ठाम नाच.

करनैल पटांगणाच्या कडेला रस्स्याचं रिकामं पातेलं घेऊन उभा होता. त्याच्याशेजारी बिरीरहून आलेला एक पाहुणा, नाच नीट दिसावा म्हणून टाचा उंचावत होता. त्याने करनैलकडे वळून पाहिलं आणि डोळे बारीक केले.

"तुला ओळखतो मी," पाहुणा म्हणाला. "खाली नदीकाठी मोठं हॉटेल आहे ते तुझंच ना? कोण तू?"

करनैलने पातेलं खाली ठेवलं आणि मधल्या माणसाकडे बोट केलं.

"मी बरामानचा भाऊ," तो म्हणाला, आणि नाचायला गेला.